अस्वलाच्या आतला माणूस

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा मार खाण्याचा पगार घ्यायचा. हे मला ठाऊक होतं, मुख्य उस्तादांना ठाऊक होतं आणि खुद्द दाजींच्या बरगड्यांना ठाऊक होतं. बाकी जगाच्या लेखी दाजी लष्करी प्रशिक्षण केंद्रातल्या गाद्यांच्या कोठीवर कामाला होते. कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "गाद्या शिवतो." आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

नि:शस्त्र लढाई शिकवण्याचा मोठा हॉल आणि त्याच्या मागे ही कोठी. आत शिरलं की रबराचा आणि शिळ्या घामाचा वास नाकात बसायचा तो दिवसभर निघायचा नाही. दाजी तिथं स्टुलावर बसून दाभणानं फाटक्या गाद्यांना टाके घालत. सकाळी नवे जवान गाद्या न्यायला आले की त्यांची थट्टा सुरू. "अरे, डोक्यावर घे. कडेवर काय घेतोस, लेकरू आहे का ते?" पोरं हसायची. घरच्या आठवणीनं कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर दाजी त्याला स्टुलावर बसवून स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायचे.

हाच माणूस परीक्षेच्या दिवशी मागच्या दारानं एका छोट्या खोलीत यायचा आणि मी त्याला अस्वल करायचो.

जाड फोम, वर कॅनव्हास, छातीवर आणि खांद्यावर चामडं, डोक्यावर लोखंडी जाळीचं शिरस्त्राण. पोरांनी त्या पोशाखाला अस्वल नाव ठेवलं होतं. माझं काम प्रथमोपचाराच्या खोलीतलं, निखळलेली बोटं बसवायची आणि सुजेवर बर्फ धरायचा. पण अस्वलाचे पट्टे आवळण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, कारण गुपित जितक्या कमी लोकांत राहील तितकं बरं. अस्वलाच्या आत कोण आहे हे शिकणाऱ्यांना कधीच कळू द्यायचं नाही, हा त्या हॉलचा जुना नियम. अस्वलानं बोलायचंही नाही. चहा पाजणाऱ्या म्हाताऱ्याला कोण घाबरेल? आणि न घाबरता जे शिकलं ते घाबरल्यावर हाताला आठवत नाही, असं उस्ताद म्हणत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो दाजी वीसेक वर्षं अगदी शब्दशः खात होते.

मी स्वतः जन्माचा भित्रा. इंजेक्शन देताना मीच डोळे मिटतो अशी माझी ख्याती आहे. ती खोटी आहे, मी एकच डोळा मिटतो. असा माणूस लष्करात काय करतो असं माझी बहीण विचारायची. पगार घेतो, दुसरं काय.

नवी तुकडी आली की उस्ताद हॉलच्या मधोमध उभे राहून तेच भाषण करायचे. "पडायचं कसं हे आपण ज्यूदोकडून घेतलं. मनगट पिरगाळणं जुजुत्सूचं. कोपर आणि गुडघा थाई बॉक्सिंगचा. पकड कुस्तीची. सगळ्यांचे उपकार आहेत. पण त्या सगळ्यांच्यात पंच असतो, गुण असतात आणि आधी नमस्कार असतो. आपण ते तेवढं काढून टाकलंय. समोरचा तुम्हाला नमस्कार करणार नाही."

हे ऐकलं की कोठीत दाजींचं दाभण थांबायचं. पोरवयात ते ज्यूदोच्या आखाड्यात वाढलेले. "काढायचं होतं तर दुसरं काहीतरी काढायचं," ते माझ्याकडे बघून पुटपुटायचे. "नमस्कार काढला की उरते ती नुसती मारामारी."

त्यांनी आपल्या घरात तो काढला नव्हता. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, हिला लहानपणापासून आम्ही भिंगरी म्हणायचो, कारण ती एका जागी थांबायची नाही. अंथरुणं जमिनीवर पसरायची, समोरासमोर उभं राहायचं, हनुवटी छातीला टेकेल इतकं वाकायचं आणि मगच पकड, संपल्यावर पुन्हा तसंच वाकायचं. नमस्कार नाही तर खेळ नाही. भिंगरी अक्षरं गिरवायच्या आधी पडायला शिकली. पडताना डाव्या हाताची थाप जमिनीवर सपाट मारायची, म्हणजे अंगाला बसायचा तो मार जमीन घेते. दुपारच्या वेळी त्यांच्या घरावरून जाताना आतून थापा ऐकू यायच्या, एक जड आणि एक हलकी. दाजींची थाप जरा वेगळी होती. आधी तळवा, मग बोटं, असा दुहेरी आवाज यायचा.

भिंगरी मोठी झाली आणि फौजेत गेली. बहीण आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, जणू मीच तिला भरती केलं. आणि मग मुलींच्या तुकडीबरोबर ती प्रशिक्षणाला नेमकी आमच्याच केंद्रात आली. गाद्या न्यायला ती कोठीवर यायची, बापाला कडक सलाम ठोकायची आणि बाकी मुलींच्या मागे उभी राहायची. दाजीही तिला इतरांसारखंच म्हणायचे, "डोक्यावर घे." ती गेली की मात्र त्यांना सुईत दोरा ओवायला वेळ लागायचा.

त्याच सुमाराला एक दिवस दाजींच्या हातून कप पडला. तेव्हा मी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा पडला तेव्हा मी खोदून विचारलं. बोटांना मुंग्या येतात, असं त्यांनी शेवटी कबूल केलं. मी त्यांना बळेबळे शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडावर धरला.

"मानेवर मार लागला होता का कधी?"

"थोडाफार," दाजी म्हणाले.

"आता पुन्हा लागता कामा नये. एक फटका नीट बसला तर हातपाय जातील. कायमचे."

"आणि नीट नाही बसला तर?"

डॉक्टरांना वाटलं हा माणूस थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता, हिशेब करत होता. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि हे घरी कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. मी शपथ घेतली, पण एका अटीवर, की अस्वल आजपासून बंद. तसं दुसरं, तरुण अस्वल तयार झालंच होतं. दाजींनी मान डोलावली, म्हणजे डोलावता येईल तेवढी.

मला हायसं वाटलं. भिंगरीच्या तुकडीची परीक्षा ठरेपर्यंत.

ती परीक्षा कशी असते ते सांगतो. हॉलच्या कडेला एक खोली आहे, भिंतींना गाद्या, उजेड बेताचा. शिकणाऱ्याला आधी मैदानात पळवून पळवून दमवतात. मग त्या खोलीत मधोमध उभं करून डोक्यावर काळी, गळ्यापर्यंत येणारी टोपी चढवतात, दोरीनं वर ओढता येईल अशी. तो आंधळा उभा असतो. कान ताणतो. आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो. मग टोपी वर जाते आणि अस्वल कुठूनही येतं. शिट्टी होईपर्यंत लढायचं. थांबलात की नापास. मी हे दाराच्या काचेतून शेकडो वेळा पाहिलं असेल, आणि दर वेळी टोपी उठताना मी एक डोळा मिटतो.

परीक्षेच्या आदल्या सकाळी दाजी माझ्या खोलीत आले. "उद्या पट्टे तू आवळशील ना?"

"कुणाचे?"

मी उठून दार लावलं.

"दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? ती मानेवर कोपर मारणार. तिला तेच शिकवलंय. तुम्हाला डॉक्टर काय म्हणाले?"

"तो नवा, धाकटं अस्वल, मुलींना हळू धरतो," ते म्हणाले. "मी बघितलंय. हात ढिला ठेवतो, चटकन पडतो. पोरींना वाटतं आपल्याला येतं."

"तर उस्तादांना सांगा. ते त्याला झापतील."

"झापतील. आणि तो आणखी घाबरून धरेल." ते माझ्या तपासणीच्या बाकावर बसले. "तुला तो तापातला पोरगा आठवतो?"

मला आठवत होता. काही वर्षांपूर्वीचा, लांब मानेचा. अंगात ताप असताना परीक्षेला उभा राहिला. दाजींना दया आली, त्यांनी पकड सैल ठेवली, पोरगा पास झाला. पुढं सीमेवर कुणीतरी त्याला मागून धरलं, आणि त्या हातांनी पकड सैल ठेवली नाही. बातमी आली त्या दिवशी दाजी कोठीतून बाहेरच आले नव्हते. त्यांची त्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. पण त्यांना ते पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"माझ्या पोरीला कुणीतरी नीट धरलं पाहिजे," ते म्हणाले. "एकदा तरी. मरायला लागल्यासारखं वाटलं पाहिजे तिला. म्हणजे तिथं ते पहिल्यांदा वाटणार नाही."

"आणि तिनं ओळखलं तर?"

तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मानेचं नाव काढल्यावर ती नव्हती आली.

"ओळखलं तर ती थांबेल," ते म्हणाले. "आणि एकदा थांबायची सवय लागली की हात कायमचा थांबतो. तिनं ओळखता कामा नये."

त्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या अंगाला कायम कापराच्या मलमाचा वास यायचा, तो गेले काही दिवस येत नव्हता. मलम बंद करून ते नुसतं दुखणं सोसत होते. कोठीत एकटे असताना उजवा पाय आधी टाकून चालायचा सराव करत होते, कारण जन्मभर ते डावा पाय आधी टाकत आले. बूटसुद्धा दुसऱ्या कुणाचे आणले होते. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, तो हा माणूस. उस्तादांना मानेचं ठाऊक नव्हतं; त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगावं असं मनात आलं होतं. पण त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं, त्यानंतर मी गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मी पट्टे आवळले. मानेभोवती मी आतून एक जादा टॉवेल गुंडाळला.

"इतका घट्ट नको. वळता येत नाही."

"तुम्हाला वळता येतंच कुठं?"

ते हसले. मग शिरस्त्राण चढलं आणि दाजी दिसेनासे झाले. जाळीमागे नुसता काळोख. हा आपला माणूस आहे हे ठाऊक असूनही मी एक पाऊल मागे सरलो.

काचेतून मी आत पाहिलं. भिंगरी मधोमध उभी होती, डोक्यावर काळी टोपी, छाती वरखाली होतेय. तिच्या हाताची बोटं उघडत मिटत होती. लहानपणी अंधाराची भीती वाटली की ती असंच करायची. उस्ताद कोपऱ्यात शिट्टी तोंडात धरून उभे. अस्वल भिंतीच्या कडेकडेनं तिच्या मागे गेलं, उजवा पाय आधी, उजवा पाय आधी.

टोपी वर गेली. अस्वलानं तिला मागून धरलं आणि उचललं.

ते धरणं पाहून माझे डोळे पाणावले, भीतीनं. त्यात बाप कुठंच नव्हता. तिचे पाय जमिनीवरून सुटले, चेहरा लाल झाला, घशातून एक घरघर निघाली. ती खरोखर घाबरली होती. मग ती अंग सैल सोडून खाली घसरली, कंबर आत घातली आणि अस्वलाला खांद्यावरून फेकलं.

अस्वल गादीवर आदळलं. आणि मला थाप ऐकू आली. आधी तळवा, मग बोटं.

वास बदलता येतो, चाल बदलता येते, बूट बदलता येतात. पडणं कसं बदलणार? ते अंग स्वतःच करतं. आम्हा तिघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं, दाजींच्या, माझ्या आणि त्यांच्या हट्टाच्या. आता ही थांबणार.

अस्वल उठून पुन्हा तिच्यावर गेलं. ती थांबली नाही. पकड तोडली, वळली, आणि कोपर पुऱ्या ताकदीनं खाली आला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. अस्वल गुडघ्यावर आलं आणि आडवं झालं. या खेपेला थाप नव्हती.

शिट्टी वाजली. भिंगरी दोन पावलं मागे सरली, ताठ उभी राहिली. आणि तिची हनुवटी खाली गेली. अगदी थोडी, छातीला टेकली न टेकली. उस्तादांना वाटलं असेल दम खातेय. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारून तिला बाहेर पाठवलं.

मी आत धावलो. शिरस्त्राण काढायचा धीर होईना, मान हलेल म्हणून. "बोटं हलवा," मी म्हणालो. "दाजी, बोटं हलवा." जाळीमागून काही आवाज नाही. मग हातमोज्यातली बोटं हलली. मग बुटातली. मी तिथंच गादीवर बसून रडलो आणि उस्ताद, "हा कसला ऑर्डर्ली!" म्हणाले.

गळपट्टीचं हाड मोडलं होतं. मान वाचली होती. बहिणीला सांगितलं, दाजी कोठीत शिडीवरून पडले.

इस्पितळातल्या खाटेवर गळ्याला पट्टा लावून पडलेले दाजी इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. वरच्या छताकडे बघत, कारण दुसरीकडे बघता येत नव्हतं, ते सारखं तेच बोलत होते. "काय मारलं रे तिनं. ओळखलं नाही. ओळखलं असतं तर असा हात आला असता का?"

संध्याकाळी भिंगरी आली. गणवेशात, पास झालेली. पुढच्या आठवड्यात तिची तुकडी सीमेवर निघणार होती.

"शिडीवरून कसे पडलात, बाबा?"

"पाय घसरला."

"पडायचं कसं ते तर तुम्हीच शिकवलंत."

"शिडीवर गादी नव्हती," ते म्हणाले, आणि दोघंही हसले. तिनं त्यांना चमच्यानं पाणी पाजलं. निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर व्हरांड्यात गेलो.

"तू मान लववलीस," मी म्हणालो.

ती खिडकीपाशी थांबली. "थाप ऐकू आली."

"आणि तरी मारलंस? भिंगरे, तुला माहीत आहे का त्यांच्या मानेचं..."

"माहीत आहे. आईला वाटलंच होतं काहीतरी आहे म्हणून. हाक मारली की बाबा अख्खे वळायचे, नुसती मान नाही. ती सरळ डॉक्टरांकडे जाऊन विचारून आली. मला सांगितलं, तुम्हाला नाही. तुम्ही घाबरता म्हणून."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"मानेवरच येत होता, मामा, कोपर. निम्म्यात होता." तिनं स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं आणि तिथून ते खाली गळपट्टीवर आणलं. "मी तो इथं आणला. थांबले असते तर बाबांना जन्मभर लागून राहिलं असतं. मानेवर मारला असता तर..." तिनं वाक्य सोडून दिलं. बोटं उघडत मिटत होती. "त्यांना सांगू नका. मी विचार केला हे त्यांना कळता कामा नये. ते म्हणतात ना, सीमेवर विचार करायला गेलं की संपलं."

"इथं केलास म्हणून तर ते जिवंत आहेत."

"तिथंही केला तर?" ती म्हणाली. "मला त्याचीच भीती वाटते आता. टोपी वर जायच्या आधी वाटत होती त्यापेक्षा जास्त." मग तिनं मला वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.

मी परत आत आलो. दाजींचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "शिट्टी झाल्यावर मला जाळीतून काही दिसलं नाही. तिनं मान लववली का रे?"

मी खाटेचा कठडा धरला. पुढचा आठवडा माझ्या डोळ्यांपुढे आला, आणि त्यापुढचे सगळे आठवडे, जेव्हा हा माणूस या खाटेवर, मग घरच्या खाटेवर, छताकडे बघत तिचा विचार करत पडणार होता.

"नाही," मी म्हणालो. "सरळ बाहेर गेली."

"बरं झालं," दाजी म्हणाले. "फार बरं झालं." आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळायला लागलं. पट्ट्यामुळे त्यांना ते पुसता येत नव्हतं, म्हणून मी पुसलं.